खाऊ आणि खाद्य

पाळीव प्राण्याला हाताने भरवण्यात जे समाधान असते ते त्याच्या इतर कोणत्याही सेवेत क्वचितच मिळते, आणि कोंबडीच्या बाबतीत ते फार सहज मिळते, कारण मूठभर दाण्यांसाठी ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून पंख पसरून धावत येते, पायांत घोटाळते आणि थोड्याच दिवसांत तळहातावरचे दाणे टिपण्याइतकी धीट होते. परसदारी, बंगल्याच्या आवारात किंवा गच्चीवर हौसेने चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबात मुले शाळेतून आल्याबरोबर खुराड्याकडे धावतात ती बहुधा हातात काहीतरी घेऊनच, आणि घरातील मोठी माणसेही उरलेला भात, पोळीचे तुकडे, भाजीची देठे, निवडताना बाजूला पडलेले धान्य असे काही ना काही दिवसभर घालत असतात. संतुलित खाद्याखेरीज मायेपोटी दिलेल्या या सर्व जिनसांना येथे खाऊ म्हटले आहे. संतुलित खाद्य म्हणजे पक्ष्याचे वय आणि त्याच्या शरीराचे काम पाहून ऊर्जा, प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वे ठरावीक प्रमाणात मिळावीत अशा रीतीने केलेले मिश्रण होय. या दोहोंचे प्रमाण बिघडले तर त्याची किंमत कोंबडीला मोजावी लागते, आणि बिघाड मायेतून झालेला असल्यामुळे तो पाळणाऱ्याच्या लवकर ध्यानातही येत नाही.

अंड्यावर आलेल्या कोंबडीसाठी बाजारात जे भरडलेले खाद्य मिळते, त्याला पोल्ट्रीच्या व्यवसायात लेअर मॅश म्हणतात. त्यात भरडलेला मका, सोयाबीनची पेंड, तांदळाचा कोंडा, चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा, थोडे मीठ आणि अत्यल्प प्रमाणात लागणारी जीवनसत्त्वे व क्षार असतात. या मिश्रणात प्रथिने साधारण १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साधारण साडेतीन ते चार टक्के असते, आणि मध्यम अंगाची कोंबडी ते दिवसाकाठी १०० ते १२० ग्रॅम खाते. पिल्लांचे खाद्य याहून निराळे असते. त्यात प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास असतात, पण कॅल्शियम जेमतेम एक टक्का असते. म्हणूनच लहान-मोठे सारे पक्षी एकाच भांड्यावर सोडून पिल्लांनाही लेअर मॅश खाऊ घालण्याची सवय वाईट, कारण त्यातील जादा कॅल्शियम बाहेर टाकता टाकता त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, पहिले अंडे देण्याच्या बेतात येईपर्यंत वाढीच्या खाद्यावरच ठेवावी लागते.

खाऊने नुकसान नेमके कसे होते हे कळण्यासाठी कोंबडीच्या भुकेचा एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. कोंबडी मुख्यतः ऊर्जेची गरज भागेपर्यंत खाते आणि ती भागली की थांबते. प्रथिने किंवा क्षार पुरेसे पोटात गेले की नाही याचा हिशेब तिची भूक सहसा करत नाही, आणि एकट्या कॅल्शियमच्या बाबतीत तिला थोडी जाण असते, तिचा उल्लेख पुढे येईल. ज्वारी, मका, तांदूळ, पोळी, पाव हे सारे पदार्थ ऊर्जेने भरलेले आणि इतर बाबतींत दुबळे असतात. समजा, एका कोंबडीला रोज ११० ग्रॅम खाद्यातून सुमारे १९ ग्रॅम प्रथिने आणि चार ग्रॅमांहून थोडे अधिक कॅल्शियम मिळत आहे, आणि घरच्यांनी तिला रोज मोठी मूठभर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, ज्वारी घालायला सुरुवात केली. ज्वारीत ऊर्जा मॅशपेक्षा अधिक असल्याने तिचे खाद्य ७० ग्रॅमांच्या वर जाणार नाही. ज्वारीत प्रथिने दहा टक्क्यांच्या आसपास धरली तरी एकूण प्रथिने १६ ग्रॅमांवर येतात, आणि ज्वारीत कॅल्शियम नाहीच म्हणावे इतके कमी असल्यामुळे कॅल्शियम तर पावणेतीन ग्रॅमांच्याही खाली उतरते. कोंबडीचे पोट भरलेले असते, ती समाधानाने धुळीत अंग घुसळत पडलेली असते, आणि तरीही तिच्या शरीरात रोज दीड ग्रॅम कॅल्शियमची तूट साठत जाते.

ही तूट दीड ग्रॅमाचीच असली तरी तिला लहान मानून चालणार नाही. अंड्याचे कवच पाच-सहा ग्रॅम वजनाचे असते आणि ते जवळजवळ सर्वच कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडी ज्या पदार्थाची असते त्याचेच, बनलेले असते. त्यात शुद्ध कॅल्शियम सुमारे दोन ग्रॅम भरते. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच आतड्यांतून रक्तात शोषले जाते, म्हणून एका अंड्यासाठी सुमारे चार ग्रॅम कॅल्शियम पोटात जावे लागते. ते न मिळाल्यास कोंबडी अंडे देणे लगेच थांबवत नाही. ती ते आपल्या हाडांतून काढून देते. अंड्यावरील मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक खास, लवकर वापरता येणारा साठा असतो, आणि तो संपला की हाडांच्या मूळ सांगाड्याला हात लागतो. पुढे अशी कोंबडी पाय ओढत चालते, उंच दांडीवर चढत नाही, आणि तिचे हाड साध्या झटापटीतही मोडू शकते.

कवच तयार होण्याची वेळ हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि घरगुती पालनात सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. एक अंडे पूर्ण होण्यास सुमारे २५ तास लागतात आणि त्यांपैकी सुमारे २० तास ते कवच घडवणाऱ्या अवयवात असते. या कामाचा मोठा भाग रात्री चालतो, आणि रात्री तर कोंबडी काहीच खात नाही. त्यामुळे संध्याकाळी खुराड्यात शिरताना तिच्या पोटात काय आहे यावर रात्रभर कवचाला काय मिळणार ते ठरते. कोंबडीच्या गळ्याखाली छातीच्या उजव्या बाजूला एक पिशवी असते, तिला अन्नपुट म्हणतात. टिपलेले अन्न आधी तेथे साठते आणि तेथून थोडेथोडे पुढे सरकते. अन्नपुटाच्या पुढे पेषणी, म्हणजे दळण्याचे काम करणारे जाड स्नायूंचे जठर, असते. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर पेटा म्हणून मिळतो तोच हा अवयव. शिंपल्याचे जाडसर तुकडे पेषणीत अडकून राहतात आणि रात्रभर सावकाश विरघळत कॅल्शियम पुरवतात, तर बारीक चुनखडी त्यामानाने लवकर पुढे निघून जाते. कोंबड्यांनाही याची काही जाण असते: अंड्यावरील मादी दुपार कलल्यावर अधिक खाते आणि वेगळ्या भांड्यात शिंपले ठेवले तर ते याच वेळी अधिक टिपते, असे पक्ष्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात आढळले आहे. घरोघरी खाऊची वेळ मात्र नेमकी हीच असते. संध्याकाळी कामावरून परतलेला माणूस कोंबड्यांना जवळ बोलावून भात किंवा दाणे घालतो, अन्नपुट त्याने तट्ट फुगते, आणि ज्या अन्नावर रात्रभर कवच घडायचे त्याला जागाच उरत नाही. काही दिवसांनी खुराड्यातून काढलेले अंडे अंगठ्याखाली किंचित दबते, त्याच्या एका टोकाला वाळूसारखा खरखरीतपणा लागतो, कधी नुसत्या पापुद्र्यातले मऊ अंडे पेंढ्यावर पडलेले सापडते, आणि घरातील मंडळी त्याचा दोष हवेला किंवा कोंबडीच्या वयाला देतात.

आजीच्या काळी कोंबड्यांना विकतचे खाद्य कोण घालत होते, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पक्ष्याच्या जातीत आणि जागेत आहे. जगभरच्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज असलेली लाल रानकोंबडी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी देते, तीही पिल्ले काढण्यापुरती. महाराष्ट्रातील गावठी कोंबडी वर्षात ६० ते ८० अंडी देते, मध्येच खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते, आणि त्या काळात तिच्या शरीराला विसावा मिळतो. ती दिवसभर मोकळी फिरत असे. खळ्यावर सांडलेले धान्य, शेणातले न पचलेले दाणे आणि किडे, कुजक्या लाकडातली वाळवी, गवताचे कोवळे शेंडे, गोगलगाई, उकिरडा उकरून मिळणारे नाना जिन्नस असा तिचा आहार होता, आणि त्यात प्रथिनांचा वाटा बराच असे. घरातील बाई सकाळ-संध्याकाळ ज्या मूठभर कण्या टाकत असे त्यांचे मुख्य काम कोंबड्यांना घराची ओढ लावण्याचे आणि त्यांना डालग्याखाली झाकण्याआधी मोजून घेण्याचे होते. ते पूर्ण जेवण आहे असा त्या बाईचाही समज नव्हता. आज हौसेने आणलेली ग्रामप्रिया किंवा संकरित लेगहॉर्न कोंबडी याच्या कितीतरी पट अंडी देते. लेगहॉर्नच्या संकरित वाणांत तर वर्षाला ३०० अंडी ही सामान्य गोष्ट झाली आहे. अशा कोंबडीला चार भिंतींच्या आवारात, फरशीवर किंवा गच्चीवर ठेवून आजीच्या कोंबडीसारखी मूठभर कण्यांवर जगवू पाहणे म्हणजे आजीच्या पद्धतीतला उकिरडा आणि खळे काढून घेऊन फक्त मूठ शिल्लक ठेवणे होय.

रानातल्या पूर्वजांचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. बहुतेक पाळीव कोंबड्यांच्या पायांची कातडी पिवळी असते आणि हे पिवळेपण ज्या जनुकामुळे येते ते लाल रानकोंबडीकडून आलेले नसून बहुधा राखी रानकोंबडीकडून, म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात आजही पहाटे ज्याची बांग ऐकू येते त्या पक्ष्याकडून, आले असावे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसून आले. हा पिवळा रंग मुळात अन्नातून येतो. मका आणि हिरवा पाला यांतील पिवळी रंगद्रव्ये कातडीत साठतात आणि कोंबडी अंड्यावर आली की ती बलकाकडे वळतात, म्हणून भरपूर अंडी देणाऱ्या मादीचे पाय हळूहळू फिके पडत जातात. गर्द केशरी बलक हे उत्तम पोषणाचे लक्षण मानण्याची पद्धत आहे. त्यावरून कोंबडीने पाला आणि मका खाल्ला एवढेच निश्चित सांगता येते, तिला प्रथिने आणि कॅल्शियम पुरेसे मिळाले की नाही ते बलकाच्या रंगावरून कळत नाही.

उरलेल्या भाताने कोंबडीचे काय होऊ शकते हे वैद्यकाच्या इतिहासाने एकदा फार स्पष्टपणे दाखवून दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच वैद्य क्रिस्तियान आइकमान बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरी या रोगाचे कारण शोधत होते. या रोगात माणसाचे पाय लुळे पडत, हृदय दुबळे होई आणि अनेकदा मृत्यू येई. जंतूंच्या शोधाचा तो काळ असल्याने या रोगाचाही जंतू सापडेल अशी अपेक्षा होती. प्रयोगासाठी ठेवलेल्या कोंबड्यांना अचानक तसाच आजार झाला: त्या अडखळू लागल्या, मग उभ्या राहीनात, पुढे त्यांच्या माना लुळ्या पडल्या. काही महिन्यांनी, कोणताही उपचार न करता, आजार नाहीसा झाला. शोध घेता असे आढळले की मधल्या काळात कोंबड्यांची देखभाल करणारा त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उरलेला पांढरा, सडीक तांदळाचा भात घालत होता, आणि नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात कोंबड्यांना देण्यास नकार दिल्यावर त्यांना पुन्हा कोंड्यासह असलेले साधे धान्य मिळू लागले होते. तांदूळ सडताना, म्हणजे त्याचा बाहेरचा थर काढून तो पांढरा करताना, जे काही निघून जाते त्यात या रोगावरचा उपाय आहे, हे त्यातून पुढे आले. आइकमान यांना प्रथम वाटले की भातातच काही विष असावे आणि कोंडा त्यावर उतारा असावा. त्यांचे सहकारी गेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये कोंड्यातील एका आवश्यक द्रव्याच्या अभावामुळे रोग होतो हे मांडले. त्या द्रव्याला आज थायमिन किंवा ब१ जीवनसत्त्व म्हणतात, आणि या संशोधनासाठी आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्यासह विभागून मिळाले.

कोंबड्यांचा आजार त्यांना कुणी दुष्टाव्याने दिला नव्हता. माणसांसाठी शिजवलेला, शुभ्र, मऊ भातच त्यांच्यासमोर आला होता. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खाण्याची जी रीत आहे, तिच्यात भात सालीसकट उकडल्याने कोंड्यातील ब१ जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात मुरतो. आणि गिरणीतून आणलेला कोंडा पाण्यात कालवून कोंबड्यांना घालण्याची तेथील पद्धतही याच दृष्टीने शहाणपणाची होती. मात्र कोंड्यात तेल असल्यामुळे तो लवकर खवट होतो, म्हणून ताजाच वापरावा लागतो.

इतके सांगितल्यावर खाऊ अजिबात बंद करावा असा निष्कर्ष कुणी काढील, आणि तो चुकीचा ठरेल. कोंबडीला नुसते पोषण पुरत नाही. तिला शोधण्याचे काम लागते. सॅन डिएगो येथील प्राणिसंग्रहालयात मोकळ्या फिरणाऱ्या रानकोंबड्यांचे निरीक्षण केले असता, त्यांना नियमित खाद्य मिळत असूनही, त्या जागेपणीच्या निम्म्याहून अधिक मिनिटांत जमिनीवर चोच मारताना आणि सुमारे एक तृतीयांश मिनिटांत पायांनी माती उकरताना आढळल्या. दुसऱ्या एका प्रयोगात कोंबड्यांसमोर भरलेले भांडे असतानाही त्या चोचीने बटण दाबून मिळणारे दाणे काही प्रमाणात पसंत करत होत्या. भांड्यातल्या बारीक मॅशने पोट लवकर भरते आणि मग उरलेल्या दिवसाचे काय करायचे हा प्रश्न बंदिस्त कोंबडीसमोर उभा राहतो. तिचे उत्तर अनेकदा शेजारणीची पिसे उपटणे हे असते. पेंढ्यात किंवा सुक्या पाचोळ्यात विखुरलेले चमचाभर धान्य शोधायला चार कोंबड्यांना तास-दीड तास लागतो, आणि त्या तासात त्या जशा वागतात तसे त्यांनी दिवसाचा बराचसा भाग वागावे अशीच त्यांच्या शरीराची घडण आहे. खाऊचे खरे मोल या कामात आहे, आणि म्हणून खाऊ भांड्यात ओतण्यापेक्षा विखरावा. विखरण्याचा आणखी एक फायदा आहे. नॉर्वेचे थोरलीफ शेल्डरुप-एब यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्येक कळपात कोणी कोणाला टोचायचे याची एक निश्चित उतरंड असते हे दाखवून दिले. खाऊ एकाच जागी टाकला तर तो वरच्या दोन कोंबड्या फस्त करतात. खालच्या मादीला त्यातले काही मिळत नाही, आणि वरच्या दोघींना मात्र गरजेपेक्षा दुप्पट मिळते.

कोंबडीला काय आवडेल याबद्दल माणसाचे अंदाज मात्र त्याच्या स्वतःच्या जिभेवरून बांधलेले असतात. कोंबडीत गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचे जनुकच नाही, त्यामुळे गूळ, बिस्किटे किंवा केक तिच्या दृष्टीने गोड नसतातच. त्यांतला मैदा आणि तूप मात्र तिच्या यकृताला पोहोचते. उलट मिरचीची आग पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणून लाल मिरचीच्या बिया ती शांतपणे टिपते. तिची निवड मुख्यतः डोळ्यांनी होते: दाण्याचा आकार, रंग, चकाकी. मॅशच्या भांड्याकडे संध्याकाळी नीट पाहिले तर याचा पुरावा दिसतो. मक्याचे भरडलेले पिवळे तुकडे वेचून नेलेले असतात आणि तळाशी करड्या रंगाची बारीक पूड साठलेली असते, जिच्यात जीवनसत्त्वे, क्षार आणि मिथिओनीन नावाचे आवश्यक अमिनो आम्ल मिसळलेले असते. सकाळी त्या पुडीवर नवे खाद्य ओतले की कोंबडी पुन्हा वरचेच वेचते. ही पूड थोड्या पाण्यात कालवून घट्टसर ओला गोळा करून दिली तर कोंबड्या तो अगदी खाऊसारखा आवडीने संपवतात, आणि ज्या घरात खाऊ दिल्यावाचून चैन पडत नाही त्या घराला याहून निर्धोक खाऊ सापडणार नाही. तो तासाभरात संपेल इतकाच करावा; महाराष्ट्राच्या हवेत ओले खाद्य फार लवकर आंबते.

खाऊचे माप पशुवैद्यक सहसा दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्के असे सांगतात, म्हणजे कोंबडीमागे दहा-बारा ग्रॅम, कोरड्या धान्याचा जेमतेम एक मोठा चमचा. हिरवा पाला आणि पाणीदार भाज्या यांना हे माप थोडे सैल लावता येते, कारण त्यांत ऊर्जा फार कमी असते: पालक, शेवग्याचा पाला, कोथिंबिरीची देठे, कोबीची बाहेरची पाने उंच टांगून ठेवली तर कोंबड्या उड्या मारून ती तोडतात आणि व्यायामही होतो. अझोला या पाण्यावर वाढणाऱ्या वनस्पतीची अलीकडे फार स्तुती होते. वाळलेल्या अझोल्यात २० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात हे खरे, पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने १०० ग्रॅम ताज्या अझोल्यातून प्रथिने एक-दीड ग्रॅमच हाती येतात. किड्यांची गोष्ट वेगळी आहे. फुटक्या मडक्यात शेण आणि ओले गोणपाट भरून ते वाळवीच्या जागी रात्रभर पालथे ठेवायचे आणि सकाळी त्यातली वाळवी कोंबड्यांपुढे झटकायची, ही जुनी युक्ती आजही उपयोगी आहे, विशेषतः पिसे झडण्याच्या काळात, कारण पिसे जवळजवळ संपूर्णपणे प्रथिनांची असतात आणि नवी पिसे येताना कोंबडीला प्रथिनांची नड भासते. त्या काळात मका-ज्वारीचा खाऊ बंदच ठेवलेला बरा.

ऋतूंचा विचारही करावा लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कोंबडी मुळातच कमी खाते, आणि धापा टाकताना श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे रक्तातील बायकार्बोनेट घटून कवच आणखी पातळ होते. अशा दिवसांत कलिंगडाची साल दुपारी द्यावी, ती पाणी देते आणि भूक मारत नाही. खाद्य मात्र पहाटे आणि ऊन उतरल्यावर ताजे घालावे. पावसाळ्यातला धोका बुरशीचा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले आणि त्याचे कारण ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतील बुरशीत सापडले. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. भुईमूग हे महाराष्ट्राचे घरचे पीक आहे आणि पावसाळ्यातल्या दमट कोठीत पेंड, शेंगदाणे, पाव, मका या सर्वांवर ती बुरशी वाढू शकते. माणसाने वास घेऊन बाजूला टाकलेला दाणा कोंबडीला घालणे ही काटकसर नसून तिच्यावर केलेला अन्याय आहे. कच्चा राजमा, हिरवट पडलेली बटाट्याची साले, अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहाचा चोथा आणि खारट फरसाण-लोणची यांना खुराड्यात थारा नसावा.

रात्री उरलेला खाऊ खुराड्यात राहिला की उंदीर येतात, आणि दिवसा उघड्यावर पसरलेल्या दाण्यांवर रानपक्षी उतरतात. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला होता हे महाराष्ट्राने विसरू नये. ब्रिटनमध्ये राहून कोंबड्या पाळणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी: स्वयंपाकघरातून आलेले उरलेसुरले अन्न कोंबड्यांना घालणे तेथे प्राण्यांच्या साथी रोखण्यासाठी कायद्याने मना आहे, मग त्या चारच का असेनात, आणि दूध-अंडीही न वापरणारे घर एवढाच त्याला अपवाद आहे.

लाडाच्या कोंबडीचा अकाली मृत्यू अनेकदा यकृतातील चरबीने होतो. पिष्टमय खाऊचा अतिरेक झाला की यकृतात मेद साठतो, ते ठिसूळ होते आणि एखाद्या उन्हाळी दिवशी किंवा अंडे देण्याच्या ताणात त्याची रक्तवाहिनी फुटून गुबगुबीत, तुकतुकीत कोंबडी अचानक मरून पडलेली आढळते. बाहेरून तिच्यात काहीच उणे दिसत नाही. म्हणून रात्री दांडीवर बसलेली कोंबडी हातात घेऊन पाहण्याची सवय लावावी: छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस बोटांना लागावे आणि हाड स्पष्ट जाणवावे, हाड चरबीत बुडालेले असेल तर खाऊ कमी करावा, आणि हाड सुरीच्या पात्यासारखे बाहेर आले असेल तर पशुवैद्यकाकडे जावे. त्याच वेळी अन्नपुटही चाचपावे. संध्याकाळी ते भरलेले आणि सकाळी रिकामे असायला हवे. सकाळीही ते कणकेच्या गोळ्यासारखे लागले तर चिवट गवत किंवा पावाने ते तुंबले आहे असे समजावे.

हौसेने पाळलेल्या कोंबडीच्या आयुष्यात अंड्यांचा काळ थोडा असतो. पहिली दोन वर्षे ती भरभरून देते, मग कमी देते, आणि नीट सांभाळली तर त्यानंतरही चार-सहा वर्षे जगते. त्या वयात तिला कॅल्शियम कमी लागते, म्हणून लेअर मॅश बदलून वाढीचे खाद्य सुरू करावे आणि शिंपले वेगळ्या भांड्यात तिच्या मर्जीवर सोडावेत. प्रथिने, जीवनसत्त्वे आणि स्वच्छ पाणी तिला पूर्वीइतकेच लागते. नेमके याच टप्प्यावर बहुतेक घरांत विकतच्या खाद्याचा खर्च डोळ्यांत येतो आणि तिला घरातल्या उरल्यासुरल्यावर ठेवले जाते. अंडी देत होती तोवर पोते आणायचे आणि ती थांबली की भाताच्या खरकट्यावर भागवायचे, हा व्यवहार गैर आहे. जिने पाय ओढू लागेपर्यंत आपल्या हाडांतले कॅल्शियम अंड्याला दिले तिला अखेरपर्यंत पुरे खाद्य मिळालेच पाहिजे, आणि तेवढी तयारी नसेल तर कोंबडी पाळू नये.